पाहुण्यांपुरती हवा

आमच्या आळीत पाहुणा येणार असला की आधी त्याच्या नाकाची व्यवस्था करावी लागते. चहाचं आधण त्याच्यानंतर.

गल्लीच्या तोंडाशी कुणी "पाहुणे!" अशी हाक दिली की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. डेपोकडच्या खिडक्या धडाधड बंद होतात, त्यांच्यावर ओल्या चादरी चढतात. घरोघरी गॅसवर लिंबाची सालं उकळायला लागतात. उंबऱ्यावर साबणाचं पाणी पडतं. कांदा परतायचा मान कोपऱ्यावरच्या घराचा. माझी जाऊ, जिला सगळी आळी धाकटीच म्हणते, अत्तराची बाटली घेऊन दारोदार शिंपडत सुटते. पाहुणा येतो, बसतो, "किती प्रसन्न वाटतं हो तुमच्याकडे" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. तो वळणापलीकडे गेला की आम्ही चादरी काढतो आणि नेहमीचा वास परत आत घेतो.

या फौजेची सेनापती मी. खोटं कशाला बोलू, अभिमान होता मला त्याचा. माझ्या पोरीचं लग्न लिंबाच्या सालींवर जमलंय. तिच्या सासरच्यांना खरी हवा कळली ती थेट वर्षभराने, न कळवता आले तेव्हा. तोवर पोरीने तिकडे सगळ्यांना जिंकून घेतलं होतं, म्हणून निभावलं.

आता वास कसला ते सांगते. आळीच्या मागे शहराचा कचरा डेपो आहे. वर टेकडीवर चांगली वस्ती, झाडं, बाल्कन्या. त्यांनी जे खाऊन टाकलं, न खाता टाकलं, नासवून टाकलं, ते संध्याकाळपर्यंत आमच्या मागे येऊन पडतं. आणि वर म्हणतात काय, "कचऱ्यापाशी जाऊन राहिलेच कशाला हे लोक?" ऐका! अहो, आम्ही आधी आलो. आमच्या आजे-पणज्यांना या शहराची गटारं खणायला आणलं, वर कुणी राहू देईना म्हणून इथे खाली बसवलं. डेपो नंतर आला. शहराने नकाशा पसरला, कचरा कुठे टाकावा म्हणून बोट फिरवलं, आणि जिथली माणसं ओरडली तरी ऐकू येणार नाहीत तिथे ते बोट थांबलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

माझा धंदा इस्त्रीचा. टेकडीवरचे कपडे माझ्याकडे येतात. कापड वास फार लवकर धरतं, म्हणून शिंपडायच्या पाण्यात मी अत्तराचे थेंब टाकते, कपडे पुढच्या दोरीवरच वाळवते आणि घडी झाली की लगेच प्लास्टिकमध्ये बांधते. तरीही एखादी बाई शर्ट नाकाला लावून म्हणतेच, "तुमच्याकडचा वास येतोय हो." मी मनात म्हणते, बाई, वास तुमचाच आहे, फक्त घडी होऊन परत आलाय. पण गिऱ्हाईकापुढे तोंडाला कुलूप.

हे सगळं निभत होतं. निभलं नाही ते आमच्या ह्यांच्या छातीला.

आमचे हे बस चालवायचे. निवृत्त होऊन घरी बसले आणि खोकला धरला. चार शब्द बोलले की ढास लागायची. पाचवा शब्द काय होता, ते मला कित्येक महिने कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "हवापालट करा." जणू काही हवा म्हणजे उशीचा अभ्रा, काढला आणि दुसरा घातला.

तरी केलं हो. टेकडीवर एक खोली मिळते का पाहायला आम्ही दोघं निघालो. पहिला घरमालक गोड होता. मग आमच्याकडे नीट पाहिलं, आमची बोली ऐकली आणि विचारलं, "सध्या राहता कुठे?" मी आळीचं नाव सांगितलं. "अरेरे," म्हणाला, "आत्ताच निरोप आलाय बघा. माझा भाचा येतोय परदेशातून, त्याला लागणार खोली." बरं बाबा, म्हटलं, ये म्हणावं सुखरूप. पुढच्या घरी गेलो. त्या बाईचाही भाचा येत होता. त्याच्या पुढच्या घरी भाचा सहकुटुंब येत होता. एवढे भाचे एकदम परत निघाले तर विमानं पुरायची नाहीत!

शेवटचं घर जाड चष्मेवाल्यांचं. त्यांच्या चादरी कित्येक वर्षं मी इस्त्री करते, म्हणून मनात आशा होती. त्यांनी मला ओळखलं, बसासुद्धा म्हणाले. आणि मग चष्मा पुसत पुसत म्हणाले, "तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण माझा भाचा..."

माझ्या हातच्या चादरीवर झोपतात, पण मी शेजारी राहिले तर झोप लागणार नाही. टेकडी उतरताना मला रडू आलं. रागाचं होतं, पण रडूच ते. हे म्हणाले, "जाऊ दे गं, भाचा बिचारा..." आणि ढास लागली. त्या भाच्याचं ते काय म्हणणार होते, ते राहिलंच.

त्याच सुमाराला बातमी आली की डेपो वाढवणार. आळी आणि डेपो यांच्यामध्ये एक मोकळं मैदान आहे. मैदान म्हणजे राडारोडा, बाभळी आणि वरून घरंगळत आलेल्या पिशव्या, पण तेवढंच काय ते आमच्या आणि कचऱ्याच्या मध्ये. त्यावर आता ट्रक रिकामे होणार. म्हणजे मागच्या खिडकीतून हात बाहेर काढला की थेट शहराच्या उष्ट्यात.

आमच्यात एक नळदुरुस्तीवाला आहे. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून नावही पाना. बोलायला फटकळ, पण पठ्ठ्या कचेरीत जाऊन बसला. "डेपो नको, मैदान आम्हाला द्या, आम्ही साफ करतो, झाडं लावतो," म्हणून हट्ट धरला. शेवटी ठरलं की एक साहेब येऊन पाहणी करतील. वासाचा त्रास खरंच आहे असं त्यांनी पालिकेच्या सभेत सांगितलं तर डेपो वाढणार नाही आणि मैदान आमचं. त्रास नाही म्हणाले तर ट्रक सुरू. वास मोजायचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून सरकार नाक पाठवत होतं.

पाना घरोघरी बजावून गेला. माझ्याकडे खास आला. "काकू, पाया पडतो, लिंबू नको, चादर नको, काही नको. त्यांना येऊ दे काय यायचा तो वास."

"मला काय एवढं कळत नाही?" मी म्हटलं. आणि खरंच कळत होतं. मैदान मिळालं तर तिथे ह्यांची खुर्ची टाकायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माणूस हवेकडे जाऊ शकत नाही, तर हवा माणसाकडे आणायची.

साहेबांची गाडी आली. काच वर करून ते आतच फोनवर बोलत बसले. पाना गाडीपाशी अदबीने उभा, पाठ आमच्याकडे. मी इस्त्रीच्या टेबलापाशी, अगदी दगडासारखी. खिडक्या सताड उघड्या. वासही त्या दिवशी अंगात आल्यासारखा सुटला होता. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि मला काचेतून साहेबांच्या हातातला रुमाल दिसला.

पांढरा शुभ्र, कडक इस्त्रीचा रुमाल. बोलता बोलताच त्यांनी तो नाकाकडे नेला. अजून उतरलेही नव्हते हो! माझ्या कानशिलापर्यंत लाज चढली. टेकडीवरचे सगळे भाचे डोळ्यांपुढून गेले. तो रुमाल आणखी वर जायला लागला आणि माझ्याच तोंडून आवाज निघाला, "चादरी!"

मग काय विचारता! जणू सगळी आळी त्याचीच वाट बघत होती. धडाधड खिडक्या लागल्या, सालं उकळली, कोपऱ्यावर कांदा चरचरला. धाकटीने तर अत्तराची बाटलीच रिकामी केली. तेवढ्यात साहेब उतरले आणि पाना वळला. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. पाण्याची मुख्य लाइन फुटल्यावर पण माणूस एवढा पांढरा पडत नाही.

साहेबांनी रुमाल खाली घेतला. श्वास घेतला. आणखी एक घेतला. "अरे वा," म्हणाले, "इथे तर आमच्या कॉलनीपेक्षा बरं वाटतंय."

"साहेब, मैदानात चला ना, पलीकडे," पाना गयावया करत होता.

साहेबांनी मैदानातला चिखल पाहिला, आपले बूट पाहिले. "कशाला? दिसतंय की इथून."

मी त्यांना आमच्या घरी बसवलं. एवढं बिघडवल्यावर चहा तरी नको का द्यायला? ह्यांनी कप पुढे केला, "साहेब, वास आहे, पण..." आणि ढास लागली. अख्खा चहा साहेबांच्या कोटावर. फिकट रंगाचा कोट होता, मेलं नशीबच तसं. मी तो अक्षरशः त्यांच्या अंगावरून ओढून घेतला. "नव्यासारखा करून देते साहेब, काळजी करू नका." साहेब भले होते, रागावले नाहीत. जाताना मात्र पान्याला म्हणाले, "तुमचं दुःख मी समजू शकतो, पण वास काही मला आला नाही बुवा. सभेत मला तसंच सांगावं लागेल."

गाडी गेली आणि पाना भर गल्लीत माझ्यावर उखडला. "काकू! मैदान गेलं तुमच्या लिंबापायी!"

"पाहुणा दारात असताना घर आवरायचं नाही?"

"तो पाहुणा नव्हता! आजपासून या आळीत कुणी वास झाकला तर माझ्याशी गाठ आहे. कशाचाही वास झाकायचा नाही, म्हणजे नाही!"

चूक माझीच होती, मला ठाऊक होतं. त्यामुळेच जास्त लागलं. ह्यांच्याकडे पाहवेना. ते दाराच्या आत खुर्ची घेऊन भिंतीकडे बघत बसून राहिले. बोलले असते तर भांडले तरी असते मी.

आणि मी एकदा रुसले की माझ्याइतकं आज्ञाधारक कुणी नाही. झाकायचा नाही ना? बरं, नाही झाकत. साहेबांचा कोट धुतला तो पान्याच्या हुकमानुसार. वाळत घालायला पुढच्या दोरीपाशी गेले आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नको बाई, पुढे घातला तर वास चुकेल. गुन्हा होईल!" मागच्या दोरीवर घातला, डेपोच्या तोंडावर. दिवसभर वाऱ्यावर डुलत होता. पाण्यात अत्तराचा थेंब नाही. घडी झाल्यावर प्लास्टिक नाही, उघडाच ठेवला.

"ताई, अहो साहेबांचा कोट आहे तो," धाकटी कुजबुजली.

"ओरडले तर पान्याकडे बोट दाखवेन," मी म्हटलं. एवढाच माझा बेत. याहून मोठं डोकं मी चालवलं असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

सभेच्या आदल्या दिवशी साहेबांचा ड्रायव्हर येऊन कोट घेऊन गेला. दिसायला देखणा झाला होता, डागाचा मागमूस नाही. कडक इस्त्रीखाली वास दबून बसतो. अंगाची ऊब लागली की मात्र उठतो.

सभेच्या दिवशी दुपारी तीच गाडी परत आली. या वेळी सगळ्या काचा खाली होत्या. साहेब उतरले ते कोट हातात लांब धरून, चिडलेलं मांजर धरावं तसा.

"बाई! काय केलंत तुम्ही या कोटाला?"

आळी गोळा झाली. पाना पाना घेऊनच आला. साहेब दारातच सुरू झाले. सकाळी गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने न विचारता काच खाली केली. सभेच्या हॉलमध्ये गर्दी, उकाडा. शेजारचे गृहस्थ एक खुर्ची सरकले. मग आणखी एक. साहेबांच्या चारी बाजूंनी खुर्च्या मोकळ्या झाल्या. चहाचा ट्रे त्यांना वळसा घालून पुढे गेला. टेकडीवरच्या एका बाईंनी अगदी हसून विचारलं, "आपण राहता कुठे?"

"मी म्हटलं, का हो? तर म्हणे, सहज!" साहेबांचा आवाज चिरकला. "सहज! आयुष्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं."

आम्हाला तो प्रश्न चांगला माहीत होता.

"आणि मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, खालच्या आळीत मला कोणताही वास आढळला नाही." साहेबांनी डोळे मिटले. "अख्ख्या हॉलने नाकाला रुमाल लावले, बाई. मागे कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मोठे साहेब म्हणाले, तुम्ही परत जा आणि नीट बघून या."

पाना हसू दाबायला भिंतीकडे वळला. मला मात्र हसू येईना.

"काय केलंत कोटाला?" साहेबांनी परत विचारलं.

"काही नाही केलं साहेब," मी म्हटलं. "बाकी सगळ्यांच्या कपड्यांना करते. तुमच्याच कोटाला पहिल्यांदा काही नाही केलं."

त्यांनी कोट माझ्या हातात दिला. आणि मग, सवय मेली जात नाही, साहेब दारात उभे आहेत हे बघून माझा हात मागच्या खिडकीकडे गेला. धाकटीही लिंबं घेऊन धावत आली. तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे उघडी," म्हणाले. ढास लागली. मी थांबले, सगळे थांबले. साहेबही. ढास संपल्यावर ह्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं, "राहू दे उघडी. बसू दे त्यांना."

साहेब बसले. मागच्या खिडकीसमोर, ह्यांच्याच खुर्चीवर. मी चहा दिला, अत्तर नाही, काही नाही. पहिल्या घोटाला त्यांचा हात खिशाकडे गेला. रुमाल कोटात होता. कोट माझ्याकडे. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण उठले नाहीत, एवढं मी त्यांच्या पदरात टाकेन. चहा संपवून हळूच म्हणाले, "हा वास जाईल का हो?"

"कोटाचा जाईल," मी म्हटलं.

पुढची सभा झाली आणि डेपो वाढणं थांबलं. जुन्या ढिगाऱ्यावर रोज माती टाकायची सक्ती झाली. टाकतात, कधी टाकत नाहीत, मग पाना कचेरीत जाऊन बसतो. मैदान मिळायला बराच वेळ गेला, पण मिळालं. साफ करायला सगळी आळी उतरली तेव्हा टेकडीची चरित्रंच निघाली त्यातून. लग्नाचे अल्बम, व्यायामाची सायकल, एक अख्खा बाथटब. बाथटबमध्ये धाकटीने फुलझाडं लावली आणि तो बागेच्या मधोमध ठेवला. आमच्यात टब असलेली ती एकटीच. बाकं पान्याने जुन्या पाइपांची केली. त्याच्याशी मी अजून नीट बोलत नाही, पण त्याच्या शर्टाची इस्त्री फुकट करते.

ह्यांचा खोकला गेला नाही. पण आता वाक्य पूर्ण होतं. आणि काय सांगू, या माणसाला एवढं बोलायचं होतं हे मला म्हातारपणी कळलं! रोज संध्याकाळी झाडाखालच्या बाकावर बसून बसच्या जमान्यातल्या गोष्टी सांगतात. पाचवे, सहावे, विसावे शब्द. मी इस्त्री आटपून तिथे जाऊन बसते.

हळूहळू टेकडीवरचे लोकही उतरायला लागले. त्यांच्याकडे बाल्कन्या आहेत, बसायला जागा नाही. परवा संध्याकाळी जाड चष्मेवाले आले. सगळी बाकं भरलेली. आमच्या बाकावर एक जागा रिकामी. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "इथे बसलं तर चालेल का?"

केव्हापासून मी ते वाक्य जिभेवर घोळवत ठेवलं होतं! "अरेरे," मी म्हटलं, "ही जागा ठेवलीय हो. माझा भाचा येतोय परदेशातून."

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. काठी टेकून ते वळायला लागले. टेकडी उतरून आल्याने त्यांनाही धाप लागली होती, आणि ती धाप माझ्या ओळखीची होती. मला वाटलं होतं तेवढी मजा काही आली नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाकावर थोडं सरकले आणि एका दमात म्हणाले, "बसा हो. भाचा येईपर्यंत बसा."